करडी साय

धाकटीला पाचवा महिना लागला आणि तिने दूध सोडलं. पहिलं मूल पोटातच गेलं होतं. हे तरी हाती लागावं म्हणून तिने देवाला शब्द दिला, की बाळाचं तोंड दिसेपर्यंत दूध-दही नाही आणि जेवण दिवसातून एकदाच. नेम सासूबाईंनी सांगितलेला. थोरली जाऊ म्हणून मला विचारलं, तर मलाही त्यात वावगं दिसलं नाही. आवडतं ते देवाच्या पायाशी ठेवलं की मागण्याला वजन येतं, असं मी आजही मानते.

घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये दिराची भट्टी होती. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवून तो मासेमारीच्या जाळ्यांना लावायची वजनं ओतायचा. त्याच्याआधी हे काम सासूबाईंचं. त्यांचे हात आता मनगटातून खाली लोंबत. आम्ही त्याला वय म्हणायचो.

धाकटीच्या पोटात कळा येऊ लागल्या, हिरड्यांवर निळसर रेघ दिसू लागली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर दिराला नि मला समोर बसवलं. रक्तात शिसं उतरलंय, म्हणाल्या. उपाशी, कॅल्शियम नि लोह कमी पडलेलं शरीर भुकेल्या माणसासारखं असतं, समोर येईल ते आत घेतं, शिसंसुद्धा. आणि आईने घेतलेलं बाळाला पोचतं. म्हणून दूध, पालेभाजी, लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण. त्याने शिशाची वाट अरुंद होते, बंद होत नाही. भट्टी आधी घरापासून हलवा.

दीर हसला. शिसं काही लागत नाही हो, बायकोचं बोलणं तेवढं लागतं, म्हणाला. परतताना त्याने दुधाची पिशवी घेतली. भट्टीचं त्याच्या कानावरच आलं नव्हतं जणू.

धाकटी दुधाकडे बघेना. नेम मोडला आणि काही झालं, तर ते माझ्याच माथी, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचं चुकत होतं असं मला म्हणवेना. ज्यांनी नेम दिला त्याच सोडवू शकतील, म्हणून मी सासूबाईंकडे गेले. नर्सबाईंचं सगळं सांगितलं.

त्यांनी आपल्या लोंबत्या हातांकडे पाहिलं.

"मी हा नेम तिन्ही वेळा पाळला होता," त्या म्हणाल्या.

"तिन्ही वेळा म्हणजे? तुमचे तर हे दोघेच ना, आई?"

"हे दोघे भट्टी यायच्या आधीचे. नंतरची तीन. एकही रडलं नाही."

मग त्या उठल्या आणि धाकटीपाशी जाऊन बसल्या. "पी बाई. देवाला काय सांगायचं ते मी सांगते."

मी दूध तापवलं, पेल्यात ओतलं, निवायला खिडकीत ठेवलं. खिडकी शेडकडे उघडते. तिकडून भट्टीच्या पंख्याची घरघर येत होती. दिराने तिथूनच विचारलं, "प्यायली का? मग आता घोर मिटला. आज दोन खेपा जास्तीच्या ओततो."

धाकटीने डोळे मिटून हात जोडले, पेला उचलला. तेवढ्यात त्यावर ऊन पडलं. सायीवर पिठासारखी बारीक, करडी पूड बसली होती.

मी पेल्यावर तळहात ठेवला.

तिला वाटलं, मी नेम राखायला सांगतेय. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मी पेला मोरीत रिता केला.

"चप्पल घाल," मी म्हटलं.

"कुठे जायचंय, ताई?"

"आधी नर्सबाईंकडे. पुढचं पुढे. या घरात आता काही तोंडात घालू नकोस."

तिने एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्याने माझा हात धरला. दारातून मी वळून पाहिलं. सासूबाई मनगटांनी खिडकी लोटत होत्या. ती काही लागत नव्हती.