अर्धंच दिसू दे

ऑपरेशन टेबलावरच्या काकांची हनुवटी लहानशी, पांढरे खुंट आलेली, आणि तिच्याखाली तीन बोटं बसायला हवीत तिथे दोनच बसत होती... सकाळी दूध पाजताना लेकीच्या हनुवटीखाली तिने अशीच बोटं लावली, तेव्हा एकच बसलं होतं. सात महिन्यांच्या बाळाचं तेवढंच असणार, हे भूल देणाऱ्या डॉक्टरला कळत नाही? कळतं. तरी बोट तिथेच राहिलं. सासूबाई दारातून म्हणाल्या होत्या, "पोरीचा गळा काय मोजतेस, साखळी घडवायचीय का?" आणि ती हसली होती, जरा उशिराच.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं वाकून मान आखडलेली, तोंड जेमतेम उघडणारं, हनुवटीखाली जागा कमी. अशा माणसाला झोपवून श्वासाची नळी घशाखाली घालायची म्हणजे... मागच्या आठवड्यात अशाच एका बाईच्या घशात तिने कॅमेऱ्याचं पातं सरकवलं, आणि पडद्यावर सगळं लख्ख दिसलं होतं, स्वरतंतूंचे दोन पांढरे काठ, मधली काळी फट. आणि नळी मात्र फटीच्या तोंडाशी येऊन आपटत राहिली, ऑक्सिजन घसरेल तसा मॉनिटरचा सूर खाली खाली उतरत गेला. शेवटी मोठ्या मॅडमनी तिला बाजूला केलं. ती बाई धडधाकट घरी गेली. ही अजून त्या फटीपाशीच. दिसत होतं ना मला? मग जात का नव्हतं?

आज पुन्हा तसंच झालं तर हात कायमचा कचरणार, आणि कचरलेल्या हाताखाली कोण झोपेल? मॅडमनाही ते ठाऊक असावं. त्या हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या.

"झोपवणार तुम्हीच ना?" काकांनी विचारलं. "घरी लेकरू आहे, सिस्टर म्हणत होत्या. किती वेळ लागतो त्याला झोपवायला?"

"तास जातो कधीकधी."

"मी तेवढा त्रास नाही देणार."

औषध गेलं. काकांचा श्वास थांबला — आता तो तिच्या हवाली. पातं जिभेवरून वळलं आणि पडद्यावर तेच चित्र, तितकंच लख्ख. नळी आली. आपटली. ऑक्सिजन सत्त्याण्णव... चौऱ्याण्णव. ती आणखी पुढे गेली, आणखी जवळ, फट आणखी मोठी, आणि नळी पुन्हा आपटली.

"मागे ये जरा," मॅडम म्हणाल्या, आवाज न चढवता. "फार बघतेयस. अर्धंच दिसू दे."

मागे? हाती लागलेलं घालवायचं? पण हात मागे आला, बोटभर, बहुधा तिला न विचारताच. फट अर्धी झाकली गेली, काठ धूसर झाले... आणि नळी गेली. सहज, जशी काही वाट तिथेच होती. मॉनिटरवर श्वासाची पहिली लाट उठली, मग दुसरी. मॅडम बाहेर गेल्या.

दुपारी काका जागे झाले, घसा खवखवतो म्हणाले, किती वाजले ते विचारलं. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही... पण कशाचं? सगळं दिसत होतं तेव्हा अडलं, आणि दिसेनासं झालं तेव्हा — मी घातली, की ती गेली? उद्या कुणी विचारलं, कसं केलंस, तर काय सांगणार? बघायचं सोडलं म्हणून?

कपडे बदलायच्या खोलीत तिने सवयीने फोन उघडला. पाळण्यावरच्या कॅमेऱ्यासमोर सासूबाईंनी दुपटं वाळत टाकलेलं. एक पाऊल तेवढं दिसत होतं. रोज असं काही दिसलं की ती तत्काळ फोन लावायची, दुपटं काढा म्हणायची, सासूबाई उसासा टाकायच्या. अंगठा आताही नावावर गेला. थांबला. पाऊल हललं... की दुपटंच हललं?

तिने फोन उपडा ठेवला. हा विसावा म्हणायचा की बेफिकिरी, तिला ठरवता येईना. फोनवर तळवा तसाच ठेवून ती बसून राहिली, आणि जरा वेळाने तिच्या ध्यानात आलं की मघापासून आपण श्वास रोखून धरलाय. सोडला, तर तो आत-बाहेर होऊ लागला, तिने काहीच न बघता.