निळसर सालीचं लाकूड

मित्रांनो, लोक मला स्मोकर, म्हणजे धुरावर अन्न शिजवणारी भट्टी म्हणतात, पण मुळात मी साधा लोखंडी ड्रम. कळमन्याच्या एका व्यापाऱ्याकडे माझ्या पोटात सोयाबीनचं तेल असायचं. ते संपलं आणि अंकितने मला नागपुरातल्या आपल्या अंगणात आणलं. अंकित कारखान्यात वेल्डर आहे.

"आधी यात काय होतं?" हा त्याच्या बायकोचा, मिनलचा, पहिला प्रश्न.

"खायचंच तेल होतं गं."

तरी तिने स्वतः आत नाक घालून वास घेतला, तेव्हा कुठे मला घरात जागा मिळाली.

अंकितने माझ्यात जाळ करून जुना रंग जाळला. खाली निखाऱ्यांचं दार कापलं, मध्ये जाळी बसवली, वर धुराडं जोडलं. शेजारच्या इंदुताई कुंपणावरून म्हणाल्या, "काय वं मिनल, दारात इंजिन उभं केलं का?" पण पहिल्याच रविवारी मंद धुरात चार तास शिजलेलं चिकन खाल्लं आणि त्याच इंदुताई पुढच्या रविवारी डबा घेऊन आल्या. सहा वर्षांची पायल तर मला "आमचा धूरवाला" म्हणायची. मला फार आवडायचं ते.

मग पायलचा वाढदिवस आला. काटोलजवळ अंकितचे मामा, रुपराव, यांची संत्र्याची बाग आहे. त्यांनी म्हातारी झाडं काढली होती. अंकितने त्यांना न विचारताच ढिगातले जाडजूड तुकडे मोटारसायकलवर बांधून आणले. संत्र्याच्या धुराला गोड वास येतो, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. वीस पाहुणे यायचे होते. चिकन जाळीवर चढलं, धूर निघाला.

तासाभराने मिनल उरलेल्या लाकडांपाशी वाकली. सालीवर निळसर-पांढरा थर होता.

"हे काय आहे?"

"बागेतलं काहीतरी असेल. तू ना, प्रत्येक गोष्टीत शंका काढते!"

तिने सरळ मामांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मामांचा आवाज अंगणभर ऐकू आला, "काहून गा अंकित, बुंध्याचं लाकूड कोणी सांगितलं तुले न्यायले? बुंध्याले बोर्डो लावतो आम्ही, चुना अन् मोरचूद. झाडाचं औषध आहे ते, विषारी! फांद्या न्यायच्या होत्या ना!"

मिनलने सगळं चिकन काढून टाकलं. पाहुण्यांनी वरणभात खाल्ला. "आमचा धूरवाला आजारी आहे का?" पायलने विचारलं.

त्यानंतर माझ्या अंगावर फरशी पुसायचे पोछे वाळू लागले. धुराड्यात पाखरांनी काड्या भरल्या. अंकित रविवारी मोबाईल घेऊन पडून राहायचा. एक दिवस तो भंगारवाल्याला घेऊनच आला. दोघांनी मला आडवं केलं, तोच मिनल बाहेर आली.

"राहू द्या तो."

"तुलाच नको होता ना?"

"मला ते लाकूड नको होतं. तू केलेली वस्तू नको, असं कधी म्हटलं मी?"

अंकितने मला उचलून पुन्हा उभं केलं.

मामांनी वरच्या फांद्या पाठवल्या. मिनलने विळ्याने एकेक फांदी सोलली. अंकितने तारेच्या ब्रशने मला आतून खरवडलं आणि दोन तास रिकामंच पेटवून ठेवलं. मग जाळीवर चार वांगी ठेवली. त्या भरिताचा पहिला घास मिनलने खाल्ला, दुसरा अंकितने. पायल ताट घेऊन रडली, तरी तिला त्या दिवशी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही आपलं पोट ठीक आहे, हे बघितल्यावरच मिनलने पुन्हा चार वांगी चढवली. पायलने दोन वेळा मागून खाल्लं. तोवर मी जीव मुठीत धरून उभा होतो.

मित्रांनो, मला केवढं मोठं तोंड आहे, पण मला "नको" म्हणता येत नाही. जे घालाल ते मी जाळतो आणि त्याचाच धूर तुमच्या ताटात देतो. म्हणून घालण्याआधी विचारा. आणि तुमच्या घरात असं विचारणारं कुणी असेल, तर त्याच्यावर चिडू नका. त्या माणसामुळेच माझ्यासारखा मुका ड्रम लेकरांना निर्धास्तपणे जेवू घालू शकतो.