चिमणीची तोंडी परीक्षा

आमच्या घरात आजाराचे नाव चुकीचे घेण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. परिचारिकांच्या विद्यालयात मी शरीरशास्त्राची परिभाषा शिकवली, आणि श्वसनसंस्था हा तर माझा खास प्रांत. नाकपुडीपासून निघावे, स्वरयंत्राशी क्षणभर थांबावे, श्वासनलिका उतरून दोन श्वसन्यांच्या फाट्यावर यावे, उजवी श्वसनी डावीहून रुंद आणि अधिक उभी असते हे सांगावे आणि मगच वायुकोशांकडे वळावे, असा माझा दंडक होता. शब्द नेमका सापडला की निम्मी शुश्रूषा झाली, असे मी म्हणत असे; आजही म्हणते.

हीच शिस्त घरात. "छातीत कसंतरी होतंय" हे वाक्य माझ्यापुढे चालत नसे. कसेतरी म्हणजे काय? दुखते, जळते, की आवळल्यासारखे वाटते? श्वास घेताना, की सोडताना? सूनबाई नवी असताना खोकला दाबून वावरत होती. कारण विचारले तर म्हणाली, "आई, कोरडा म्हणायचा की ओला, हेच माझं ठरत नव्हतं." त्या दिवशी मी तिला हसून सोडले.

मग ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, खोकला लागला. जिना चढताना हे मधेच थांबून भिंतीचा रंग न्याहाळू लागले. चष्म्यांच्या दुकानात लोकांची नजर तपासण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी स्वतःच्या घराच्या भिंतीकडे कधी ढुंकूनही पाहिले नव्हते. मी छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी सोबत निघाले, तर हे अडून बसले.

"तू आलीस की डॉक्टर माझी छाती राहू देतील बाजूला आणि तुलाच उत्तरं देत बसतील. पोराला नेतो."

चिरंजीव गेले. परत आल्यावर म्हणाले, "गोळ्या दिल्यात. तपासण्या चालू आहेत." पुढे जेव्हा जेव्हा विचारले, तेव्हा हेच उत्तर, आणि उत्तर देताना नजर पायातल्या चपलेकडे.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा आत दोघांची कुजबुज चालली होती.

"फायब्रोसिस शेवटी होतं," चिरंजीव म्हणत होते. "त्याआधी दोन शब्द होते. पल्मनरी आठवतं. पहिला काही केल्या आठवत नाही."

"अर्धवट सांगितलंत तर आई उभं करतील तुम्हाला," सूनबाई म्हणाली.

"म्हणून तर थांबलोय. लेखी आलं की कागदच देतो हातात."

मी दारातच उभी होते. सूनबाईने पातेले उगाच या ओट्यावरून त्या ओट्यावर ठेवले.

"इडिओपॅथिक," मी म्हणाले.

"हो. तोच," चिरंजीव म्हणाले, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मग ती मावळली.

शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाला की त्याच्या मागून अर्थ यायला जरा वेळ लागला. तो आला तेव्हा मी स्टूल ओढून बसले. इडिओपॅथिक म्हणजे कारण कळलेले नाही. त्या भारदस्त शब्दाच्या पोटात याहून अधिक काही नाही, हे मी विद्यार्थिनींना गमतीने सांगत असे आणि वर्ग हसत असे. पुढचे दोन शब्द मात्र हसण्याजोगे नव्हते. फुफ्फुसांत तंतू माजतात. वायुकोशांच्या तलम भिंती जाड आणि ताठ होतात, आणि प्राणवायू रक्तात उतरेनासा होतो. औषधाने रोगाची चाल मंदावते. तो मागे फिरत नाही. मला आधी कळले असते तरी हे असेच झाले असते, हे मी जाणते. तरीही माझ्या मुलाने बापाचे दुखणे एका विसरलेल्या शब्दासाठी माझ्यापासून दूर ठेवले. आयुष्यात प्रथमच मी त्याला न रागावता उठले.

घरी प्राणवायूचे यंत्र आले. त्याची नळी खोल्याखोल्यांतून फिरू लागली. "दावं लांब दिलंय मला," हे म्हणत. पुढे थंडीत त्यांना साधे पडसे झाले, आणि पडशापायी रुग्णालयात खाट धरावी लागली.

तिथे वॉर्डची मुख्य परिचारिका निघाली ती माझीच विद्यार्थिनी. अंगाने लहानखुरी, वर्गात तिला सगळ्या चिमणी म्हणत. मी आत आले की हातातले काम ठेवून ती उभी राही. ह्यांची त्यामुळे करमणूक होई. "वॉर्डात मोठे डॉक्टर आले तरी असं होत नाही," हे मास्कच्या आतून म्हणत.

एका दुपारी डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितले की प्रकृती आणखी ढासळली तरी व्हेंटिलेटरची नळी घालण्यात हशील नाही. ह्यांना आधीच विचारले होते आणि ह्यांनी नको म्हटले होते. मला कोणी विचारले नव्हते. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात निघून गेले. चिरंजीव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी चिमणीला खाटेपाशी बोलावले.

"नळी घालून उपयोग नाही म्हणतात. का नाही?"

"मॅडम, डॉक्टरांनी आत्ताच तुम्हाला..."

"मी तुला विचारतेय."

तिने हात पाठीमागे बांधले. वर्गात अशीच उभी राहायची.

"व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, मॅडम. सरांच्या फुफ्फुसात हवा पोचतेय. अडतंय ते वायुकोशाच्या भिंतीशी."

"भिंत पाण्यानेही जाड होते. संसर्गानेही होते. ते ओसरतं."

"ओसरतं. जे संसर्गाचं होतं ते औषधानं उतरलंय. आता स्कॅनमध्ये दिसतंय ते तंतूंचं आहे."

"फुफ्फुसावरणात पाणी असेल. ते सुईनं काढता येतं."

"सोनोग्राफीत पाहिलं, मॅडम. पाणी नाही."

"रक्ताची गुठळी?"

"तीही पाहिली. नाही."

"श्वासपटल दमलं असेल. यंत्रानं त्याला विसावा मिळेल."

"दमलंय, मॅडम." तिचा आवाज बारीक झाला. "पण यंत्र काढायच्या दिवशी फुफ्फुस हेच असणार."

पिढ्यान्पिढ्यांच्या मुली मी तपासल्या. त्या कुठे घसरतात हे मला पाठ आहे. मी चिमणीला त्या प्रत्येक जागी नेले आणि ती कुठेच घसरली नाही. मला एक चूक हवी होती. एवढीशी सापडती, तर मी डॉक्टरांना परत बोलावले असते, गाडी मागवून ह्यांना दुसरीकडे हलवले असते, दहा जणांना फोन लावायला लावले असते. लोकांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला, आणि अशी आस लावून मी कधी कोणाची चूक शोधली नव्हती.

"प्रत्यारोपण," मी म्हणाले. आवाज चढला असावा, कारण शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई वळून पाहू लागली.

उत्तर चिमणीला येत होते. फक्त ते तोंडातून निघत नव्हते.

"वय, मॅडम."

एका शब्दाचे उत्तर मी कधी स्वीकारलेले नाही. ह्याला पुस्ती काय जोडायची, ते मला सापडेना.

ह्यांनी मास्क जरासा उचलला. "किती छळशील... तिला."

"बोलू नका. मास्क लावा."

"नापास करायला... काही मिळालं?"

"नाही."

"मग सांग तसं. पोर... उभी आहे."

खरोखरच ती उभी होती. माझ्या तोंडी परीक्षेत 'बरोबर आहे' हे ऐकल्याखेरीज कोणी मुलगी जागची हलत नसे, आणि चिमणी, एवढ्या मोठ्या वॉर्डचा कारभार पाहणारी बाई, ते ऐकायला थांबली होती. मी पदर सारखा केला. पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली. चिरंजीव खिडकीकडून वळले. त्यांनाही कळले असावे की आता मी जे म्हणेन त्यानंतर विचारण्यासारखे काही उरणार नाही.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"सगळं?" ह्यांनी विचारले.

"सगळं."

"थँक यू, मॅडम," चिमणी म्हणाली. जुन्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेले, आणि आपण काय बोललो हे ध्यानात येताच तिचा चेहरा असा उतरला की तिला पुढे पाऊल टाकता येईना, मागेही जाता येईना.

"जा," मी तिला म्हणाले. "पलीकडे कोणीतरी बेल दाबतंय."