न मारलेले फटके

रोझॅन विचोरेक "उचल" म्हणाली तेव्हा मार्गिटचा चेंडू होलपासून चांगला चार फूट लांब होता.

मार्गिट उकिडवी बसून उताराचा अंदाज घेत होती. ती तशीच थांबली.

"चार फूट आहेत, रोझॅन."

"मी काय पट्टी घेऊन आलेय? दिला म्हटलं ना. उचल आणि चल, डास फोडून काढतायत."

बुधवारच्या या गोल्फ लीगमध्ये बारा बायका होत्या, आणि दर आठवड्याला दोघी-दोघींची लढत लागायची. नऊ होल. प्रत्येक होल जिंकायचा, हरायचा नाहीतर बरोबरीत सोडायचा. समोरचीचा शेवटचा फटका अगदीच सोपा उरला असेल तर "उचल" म्हणायचं, म्हणजे चेंडू आत गेला असं धरायचं. एकदा म्हटलेलं मागे घेता येत नाही. आणि जिला फटका सोडला तिला तो नाकारताही येत नाही. नियमच तसा आहे.

रोझॅनच्या तोंडून हा शब्द कधी कोणी ऐकला नव्हता. ती काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवायची आणि तशाच रेट्याने गोल्फ खेळायची. चेंडू बुटाच्या लांबीवर असला तरी "आत पडल्याचा आवाज येऊ दे" म्हणून उभी राहायची. सख्ख्या बहिणीला तिने एका वितीवरून मारायला लावलं होतं. बहिणीचा फटका चुकला, आणि त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला ती जेवायला आली नव्हती.

मार्गिटने चेंडू उचलला. सातवा होल बरोबरीत सुटला. सहाव्यानंतरही दोघी बरोबरीतच होत्या. आज जिंकेल ती अंतिम सामन्याला जाणार होती, आणि हा चार फुटांचा फटका मार्गिटचा चुकला असता तर रोझॅन एका होलने पुढे गेली असती. चौदा वर्षांच्या लढतींत तिने मार्गिटला चार इंचसुद्धा सोडले नव्हते.

आठव्या होलकडे जाणारी पाऊलवाट सोयाबीनच्या कडेने जाते. चाकांची बॅग ओढत मार्गिट मागून चालत होती. उजवा हात तिने बॅगेच्या दांड्यावर घट्ट ठेवला होता. घट्ट धरला की तो शांत असायचा.

हाताचं हे मागच्या हिवाळ्यात सुरू झालं. गावात दातांची डॉक्टर ती एकटीच, आणि तीस वर्षं हाताने बारीक काम केलेलं असल्यामुळे तिला ते इतरांच्या आधी कळलं, असं तिला वाटत होतं. स्वस्थ बसल्यावर हात स्थिर. काही करायला पुढे केला की बोटांत बारीक थरथर. मेंदूच्या डॉक्टरकडे ती गेली नव्हती. काम करताना दंतवैद्य अनामिका शेजारच्या दातावर टेकवतो. ती टेकवली की थरथर थांबते, हे तिने तपासून पाहिलं होतं. निदान तसं तिला वाटलं होतं. दुसरी कसोटी तिने पटरची ठरवली होती. चेंडू होलमध्ये ढकलायच्या त्या काठीला कुठेच टेकू नसतो. वर समोर प्रतिस्पर्धी उभी, मागे चार जणी बघतायत. तिथे हात टिकला तर तोंडात टिकणारच. मेपासून तिने मनात नोंद ठेवली होती: चार फुटांच्या आतला एकही फटका चुकला नाही. पुराव्यासारखा हा आकडा ती रोज रात्री झोपताना स्वतःला सांगायची.

वाटेच्या वळणावर तिने तोच आकडा पुन्हा काढला, आणि या वेळी भाजकही तपासला. चुकलेले शून्य. मारलेले किती? मेमधल्या लढतीत डोरीनने सोडला होता. हीथरने दोन्ही सोडले होते. बेट्टीने "माझा स्वयंपाक खोळंबलाय" म्हणत पाच फुटांचा सोडला होता. एकेक आठवडा ती मागे गेली. मारलेले शून्य.

आठव्या होलवर रोझॅनचा पहिला फटका मेपलच्या बुंध्यावर आपटला आणि उडून पुन्हा मैदानाच्या मधोमध येऊन पडला. रोझॅन मान मागे टाकून हसली.

"झाडाला पगार देते मी, डॉक्टरीणबाई."

मार्गिटला तिच्या वरच्या जबड्यात उजवीकडे, सुळ्यामागे, एक नवी कॅप दिसली. तिने काठी खाली ठेवली.

"तो दात कोणी केला?"

रोझॅनने तोंड मिटलं. "कुठला?"

"मार्चमध्ये मी ज्याला कॅप घालायची म्हटलं होतं तो. मग तू तीनदा तारीख पुढे ढकललीस."

"ट्रकच्या पाळ्या लागल्या होत्या."

"जूनमध्ये बर्फ पडत होता का?"

रोझॅनने हातमोजा काढला, पुन्हा घातला. "तिकडे वॉसॉ शहरात केला. पोरगेलासा डॉक्टर आहे. बडबड फार करतो." मग जरा थांबून, "बरा नाही झालाय का?"

"रंग एका छटेने उजळ आहे. बाकी चांगला आहे."

तो खरोखरच चांगला होता. कड हिरडीशी नीट बसलेली होती. मार्गिटने ती इतक्या लांबूनही पाहिली होती.

"का गेलीस?"

"खेळ ना आधी."

"रोझॅन."

रोझॅन काठीवर रेलून उभी राहिली. एरवी तिचा आवाज पार्किंगपर्यंत जायचा. आत्ता तो फक्त मार्गिटपुरता होता. "मार्चमध्ये तू माझ्या तोंडात तो छोटा आरसा धरलेलास ना, तो दातांवर वाजत होता. टकटकटक, पहाटे हीटर गरम होताना वाजतो तसा. आणि तू मला तुझ्या कुत्र्याने मोजा कसा गिळला ते सांगत होतीस. हसत होतीस. मला वाटलं, आता थांबेल, आता काहीतरी म्हणेल. तुला तो आवाज ऐकूच येत नव्हता गं."

मार्गिटने चेंडू ठेवला आणि मारला. लांबच्या फटक्यांना काही होत नव्हतं. तिथे अख्खं अंग चालतं. दोघी चालू लागल्या.

"हे फटके सोडायचं कोणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? मीटिंग नव्हती घेतली. मेमध्ये डोरीनला बघवलं नाही, तुझा पटर चेंडूमागे असा असा हलत होता. तिने सोडला. मग पुढचीने सोडला. मग न सोडणारी वाईट दिसायला लागली."

"तुला वाईट दिसायची कधीपासून भीती वाटायला लागली?"

"मला नाही वाटत. पण तुझा हात हलतोय म्हणून मी जिंकले असते, तर वर्षभर घास गोड लागला नसता मला."

"आणि वॉसॉला अजून कोण जातं?"

रोझॅन एकेक बोट दुमडत मोजू लागली. एक हात संपला तेव्हा ती थांबली. दुसरा हात तिने खिशात घातला.

"म्हणजे हिरवळीवर माझी लाज राखायची आणि दात दुसरीकडे न्यायचे."

"हो," रोझॅन म्हणाली. "दात एकदाच मिळतात, मार्गिट."

आठवा होल दोघींनी सहा-सहा फटक्यांत संपवला. शेवटी मार्गिटचा चेंडू दोन फुटांवर राहिला, आणि ती काही बोलायच्या आत रोझॅनच्या तोंडून "उचल" निघून गेलं. रोझॅनने लगेच ओठ चावला, पण शब्द बाहेर पडला होता. मार्गिटने वाकून चेंडू उचलला. नियमापुढे तिचं काही चालत नव्हतं.

उन्हाळ्यात नवे पेशंट वाढलेत, असं तिला वाटलं होतं. तिने तसं आपल्या सहायक लिनेटला बोलूनही दाखवलं होतं, आणि लिनेट "हो ना, डॉक्टर" म्हणाली होती. नवे वाढले नव्हते. जुने गेले होते, म्हणून नवे जास्त दिसत होते. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी आपापली वाट काढली होती. उरले होते ते गोल्फ न खेळणारे, गावात कोणाशी फारशी ओळख नसलेले. उद्या सकाळी साडेआठला चीज कारखान्यातला एक माणूस यायचा होता, खालची अक्कलदाढ काढायला. दाढेची मुळं नसेला अगदी लागून होती. एक्स-रे पाहताना मार्गिटने त्याला म्हटलं होतं, काळजी करू नका, अशा शेकडो काढल्यात. तेही खरंच होतं.

नवव्या होलची हिरवळ क्लबच्या व्हरांड्यासमोर आहे. बाकीच्या पाच लढती संपल्या होत्या आणि दहाही जणी कठड्याशी बसल्या होत्या, हातात ब्रँडीचे ग्लास, मधे तळलेल्या चीजची टोपली. मागून कोणी खेळत येणारं नव्हतं. रोझॅनचा चेंडू पाच फटक्यांत आत गेला. मार्गिटचे चार झाले होते. एक उरला होता, तिसऱ्या होलनंतर तिच्या वाट्याला आला नव्हता इतका सरळ: तीन फूट, किंचित चढ. आत गेला तरी बरोबरी.

व्हरांड्यातून डोरीन ओरडली, "उचल गं, मार्गिट. जेवायला बसू."

"खेळतेय मी," रोझॅन तिकडे न बघता म्हणाली. "मी काही म्हटलेलं नाही."

"रोझॅन, काय हे?"

"डोरीन, चीज खा."

मार्गिटने रोझॅनकडे पाहिलं. रोझॅन झेंड्याची काठी छातीशी धरून उभी होती. तोंड घट्ट मिटलेलं होतं आणि मानेची शीर उडत होती. गप्प राहणं तिला जड जात होतं.

मार्गिट उभी राहिली. पटर चेंडूमागे ठेवला. तो हलायला लागला. खालचं गवत त्याच्या कडेने घासत होतं आणि त्याचा बारीक आवाज येत होता. हा आवाज मेपासून येत असणार. तिने श्वास सोडला आणि ढकललं.

चेंडू होलच्या डाव्या कडेवरून फिरला आणि आत पडला.

व्हरांडा टाळ्यांनी भरला. "बघ, उगाच," कोणीतरी म्हणालं. "काही झालेलं नाही तिला." डोरीन तर उभीच राहिली. सामना बरोबरीत सुटला होता. अंतिम फेरीत कोण, हे आता सगळ्या गुणांची बेरीज करूनच ठरलं असतं. मार्गिटला मात्र वाटलं, कोणीतरी बाहेरून दार ओढून घेतलंय. आता या टाळ्या उद्या सकाळपर्यंत पुरतील. त्या दाढेपर्यंत. एकापैकी एक आत, शंभर टक्के, म्हणत ती हातमोजे चढवील.

तिने चेंडू होलमधून काढला आणि परत होता त्याच जागी ठेवला.

"काय करतेयस?" रोझॅनने विचारलं.

"एकाने काही कळत नाही."

दुसरा उजवीकडून गेला. तिने हात पुढे केला. रोझॅनने चेंडू आणून तिच्या तळव्यावर ठेवला. तिसरा आत. चौथा कडेपर्यंतसुद्धा पोचला नाही, पटर त्याला नीट लागलाच नाही. पाचवा बाहेर. रोझॅन दर वेळी चेंडू आणत होती आणि दर वेळी बोटाने जागा दाखवत होती, तीच, एक इंचही इकडेतिकडे नाही. व्हरांड्यातली बोलणी आधी मंदावली, मग थांबली. कोणीतरी म्हणालं, "पुरे की आता." सहावा बाहेर. सातवा आत. आठवा बाहेर. नववा बाहेर. दहावा कडेवर थांबला, वाटलं पडेल, पडला नाही.

"किती?" मार्गिटने विचारलं.

रोझॅनला ठाऊक होतं, पण ती क्षणभर घुटमळली.

"तीन आत," रोझॅन म्हणाली. "सात चुकले."

हे या उन्हाळ्यात तिला कोणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं. मार्गिटने मान डोलावली. मग बॅगेतून फोन काढून, तिथेच हिरवळीवर उभं राहून, तिने लिनेटला लावला.

"उद्या साडेआठचं रद्द कर. त्यांना सांग, माझ्या हाताला त्रास आहे. असंच सांग, सर्दीबिर्दी सांगू नकोस. वॉसॉच्या डॉक्टरकडे त्यांची लवकरात लवकरची वेळ घे."

"बरं, डॉक्टर." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आणि नंतरचे?"

"सगळेच."

लिनेटने का म्हणून विचारलं नाही. "मी लगेच लावते," ती म्हणाली.

"नंबर देते, थांब. रोझॅनकडे असेल."

"नको, डॉक्टर," लिनेट हळूच म्हणाली. "माझ्याकडे आहे."