काहिलीचा तळ

मित्रांनो, माझ्या काळ्या रंगाला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा. हा रंग मी जन्माला येताना आणलेला नाही, तो चुलींनी चढवला आहे. मी बोहोल बेटावरच्या एका मासेमार वाडीतली जुनी काहील आहे. दोन धडधाकट माणसांनी दोन्हीकडचे कान धरल्याशिवाय मी जागची हलत नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडे सेबू शहरातल्या एका ओतकामाच्या भट्टीत झाला. माझी आत्ताची मालकीण बासिलिया, तिच्या वडिलांनी दोन डुकरं देऊन मला घेतलं आणि बोटीतून घरी आणलं. त्यांच्या बायकोनं मला पाहून कपाळाला हात लावला. "घरात खाणारी तोंडं पाच आणि काहील पन्नास जणांची. उरलेली पंचेचाळीस कुठून आणणार?" असं तिनं विचारलं. ती आणावी लागलीच नाहीत. माझ्यातून वास सुटला की ती आपल्या पायांनी येत.

बारशाला मी, लग्नाला मी, गावदेवळाच्या सणाला मी. मयत झालं की रात्रभर जागणाऱ्या माणसांसाठी आलं घातलेली कोंबडीची पेजही माझ्यातच शिजायची. मला कुणीही मागून न्यावं, पण परत देताना रिकामी देऊ नये, तळाशी वाटीभर काहीतरी ठेवावं, अशी रीत होती.

माझा सगळ्यात आवडता दिवस म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी मांस वर्ज्य, आणि दुपारी तीन वाजेपर्यंत सगळ्यांना उपास. मग बिनिग्नित नावाची खीर व्हायची. तिचं सामान कुणा एकाचं नसे. एका घरून रताळी येत, दुसऱ्या घरून अळकुड्या, कुणी केळी, कुणी फणसाचे गरे, कुणी नारळ खवून त्याचं दूध. कोनफळ मात्र वाडीतल्याच दिदायकडचं. तिच्या परसातल्या मातीत काय होतं देव जाणे, तसं जांभळं कोनफळ दुसरीकडे होत नसे. ते पडलं की पांढरी खीर बघता बघता जांभळी व्हायची आणि पोरं टाळ्या पिटायची.

दिदाय बासिलियाहून लहान. ती बासिलियाला नांग म्हणायची, तुम्ही ताई म्हणता तसं. बासिलियाचे वडील गेल्यावर मी तिच्या ताब्यात आले, आणि माझ्यात डाव फिरवायचा तो या दोघींनीच.

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. आमच्याकडे जेवताना रस्त्यानं कुणी दिसलं की हाक मारायची, "या, जेवायला बसा." त्यानं म्हणायचं, "आत्ताच जेवून निघालो." हे खोटं असतं आणि सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून पुन्हा बोलवायचं, आणि पुन्हा. मग तो जरा कुरकुरत येऊन बसतो. एकदाच बोलावलं तर ते बोलावणं नुसतं तोंडदेखलं.

एका वर्षी मोठं वादळ आलं. केळी आडवी झाली, नावा फुटल्या, दिदायच्या घराचं छप्पर तिच्या चुलीसकट उडालं. दुसऱ्या दिवशी बासिलियानं उरलेल्या तांदळाची पातळ पेज माझ्यात केली. शेजारची तीन घरं आधीच येऊन बसली होती. वाढता वाढता तळ दिसू लागला. तेवढ्यात रस्त्यानं दिदाय आली. केस ओले, खांद्यावर भिजलेली चादर.

"दिदाय, ये गं, बस," बासिलियानं हाक मारली.

"जेवले मी, नांग."

चूल उडून गेलेली बाई कुठे जेवली असेल? बासिलियानं माझ्यात पाहिलं. तिथे दोन पळ्या पेज आणि खालची करपलेली खरवड, एवढंच होतं. तिनं मान वर केली नाही. दिदाय क्षणभर थांबली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून तिनं बासिलियाच्या दारावरून जाणं सोडलं. लांबचा फेरा पडला तरी ती किनाऱ्याच्या वाटेनं जाई. पुढच्या गुड फ्रायडेला कोनफळ आलं नाही. खीर पांढरीच राहिली. "ही काय आजाऱ्याची पेज आहे का?" असं म्हातारा तेबान म्हणाला, आणि कुणी हसलं नाही. मग एकेक घर आपापल्या छोट्या भांड्यात खीर करू लागलं. मला डुकरांच्या खोपट्यामागे पालथं घातलं. माझ्या पाठीवर कोंबड्या झोपायच्या आणि कडेनं गंज चढत होता. मला रागापेक्षा वाईट जास्त वाटे. लोखंडाला भूक नसते, पण एकटेपणा असतो.

अशी वर्षं गेली. मग या वाडीत बातमी पसरली की दिदायचा मुलगा नेस्तोर तिला कायमचं आपल्याकडे नेतोय, पार दक्षिणेच्या बेटावर. शनिवारची बोट. आदल्या दिवशी नेमका गुड फ्रायडे. त्या पहाटे बासिलियानं मला उताणं केलं, वाळू आणि नारळाच्या काथ्यानं घासलं आणि खोबरेल चोपडलं. तेबान कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"एवढी घासतेस, नांग. लग्न लावायचंय का तिचं?"

"लावायचंय. तू एक कान धर, तुझ्या जावयाला दुसरा धरू दे. किनाऱ्यावर न्यायचीय."

"अंगणात चूल असताना किनाऱ्यावर? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ती बाई माझ्या अंगणावरून जात नाही," बासिलिया म्हणाली. "मग अंगणानंच जायला हवं."

किनाऱ्याच्या वाटेवर बदामाच्या झाडाखाली तीन दगड मांडून मला चढवलं. बातमी फुटली आणि घराघरांतून रताळी आली, केळी आली, नारळाचं दूध आलं. खीर उकळू लागली, पांढरी. बासिलिया डाव फिरवत होती, पण डोळे वाटेवर होते. उद्या बोट सुटली की हाक मारायलाही माणूस उरणार नव्हतं.

दिदाय आली. हातात पिशवी. आम्हाला पाहून ती थबकली.

"ये, दिदाय. बस."

"जेवून आले."

"आज?" तेबान म्हणाला. "तीन वाजायचेत अजून. सगळा गाव उपाशी आणि तू तेवढी जेवलीस?"

"तू गप्प बस," बासिलिया त्याच्यावर खेकसली. मग हळू आवाजात म्हणाली, "ये गं. तीन वाजतील आता."

"पोट भरलंय, नांग." ती पुढे निघाली.

बासिलियानं डाव माझ्या कडेवर टेकवला आणि तिच्यामागून चालू लागली. गुडघे दुखत होते, तरी चालली. "तिसऱ्यांदा बोलावतेय," ती म्हणाली. "तेव्हाच बोलवायला हवं होतं."

दिदायनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि तिचा बंद सुटला. आतून एक मोठं कोनफळ वाळूत पडलं.

आमच्या बेटावर कोनफळ खाली पडलं तर उचलून त्याचा मुका घेतात. दुष्काळात त्यानंच माणसं जगवली, अशी आमची समजूत. दिदाय वाकली. तिनं वाळू झटकली, ओठ टेकवले आणि ते बासिलियापुढे धरलं. बासिलियानंही त्याचा मुका घेतला.

"कुठे नेत होतीस हे?"

"तुझ्या पायरीवर ठेवून जाणार होते. तू इथे असशील हे मला काय माहीत?"

"दिदाय, त्या दिवशी काहिलीत काही उरलं नव्हतं गं. तुला बसवून काय वाढलं असतं? तळ दिसत होता."

"दिसू दे की," दिदाय म्हणाली. "मी खरवड खाल्ली असती, नांग. मला वाटलं, मी नकोय."

मित्रांनो, मी तेव्हा उकळत होते, म्हणून माझ्या कडेवरचं पाणी कुणाच्या लक्षात आलं नाही. दोघींनी कोनफळ सोललं, चिरलं, माझ्यात सोडलं. तीन वाजेपर्यंत खीर जांभळी झाली होती. टाळ्या पिटणारी पोरं आता बाप्ये झाली होती, तरी त्यांनी पिटल्या. सगळ्यांना वाढून झाल्यावर दिदायनं डाव हातात घेतला आणि माझा तळ खरवडला. निम्मी खरवड बासिलियाच्या वाटीत घातली, निम्मी स्वतः खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ती बोटीनं गेलीच. काही गोष्टी खिरीनं थांबत नाहीत. पण जाताना तिनं परसातल्या कोनफळांचं बियाणं बासिलियाच्या अंगणात लावून दिलं, आणि मला आता कुणी पालथं घालत नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं मोठं भांडं माळ्यावर पडलं असेल. त्याला खाली काढा, घासा, तेल लावा. आणि दारावरून जाणारा माणूस "जेवलोय" म्हणाला तर पुन्हा बोलवा. आत काही उरलं नसेल तर तसं सांगा, पण बोलवा. माझ्या तळाला कुणी कधी हसलं नाही, मित्रांनो. बासिलियानं तो उगीच इतकी वर्षं लपवला.