मागची भिंत

समाजमंदिराच्या चारही भिंती रोज संध्याकाळी आत सरकायच्या, आणि मुळीक सरांचा कराटेचा वर्ग त्यांना लाथांनी मागं लोटायचा. सर 'माए गेरी' म्हणाले की सगळ्यांचे पाय समोर उठत आणि पुढची भिंत मुकाट मागं जाई. 'योको गेरी'ला बाजूच्या भिंती हटत. प्रत्येक भिंतीला आपापलंच नाव कळायचं, आणि नाव घ्यायचा मान एकट्या सरांचा. पाय हवेत असतानाच ते बजावायचे, मारलेला पाय गुडघा दुमडून लगेच घरी आणायचा.

त्या दिवशी सर मागच्या भिंतीचं नाव विसरले.

वैजयंता पहिल्या रांगेत उभी होती, तपकिरी पट्ट्यात. तिची लेक शाल्मली पांढऱ्या पट्ट्यात, म्हणून सगळ्यांच्या मागे. रांगा पट्ट्यांप्रमाणेच लागायच्या, आणि पांढरा पट्टा सध्या तिचा एकटीचाच होता. भिंतीचं नाव वैजयंताच्या अगदी ओठांवर होतं. पण सत्तरी उलटलेल्या माणसाला भर वर्गात आठवण कोण करून देणार?

भिंत नजरेसमोर असली तर आठवेल म्हणून सर स्वतः वळले आणि त्यांनी सगळ्यांनाही मागं फिरायला लावलं. सगळे फिरले. आता शाल्मलीचं नाक भिंतीपासून वीतभरावर होतं आणि भिंत सरकतच होती. वैजयंताच्या मागं सर कपाळ चोळत होते. आठवेल, आत्ता आठवेल, असं ती स्वतःला बजावत राहिली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

"आई, ही मऊ आहे," शाल्मली मान न वळवता म्हणाली.

आणि ती भिंतीत गेली. आधी नाक, मग पट्ट्याची गाठ, शेवटी वेणी. रंगाचा पोपडासुद्धा उडाला नाही. मधल्या रांगांतली मुलं ताठ उभी होती, कारण सरांनी हलायला सांगितलं नव्हतं.

"उशिरो गेरी," वैजयंता म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

सरांनी म्हटलं असतं तर सगळ्यांचे पाय उठले असते. तिच्या शब्दावर एकच उठला. भिंतीतून एक इवली टाच बाहेर आली, बोटं खाली वळलेली, गुडघा सरळ, सरांनी शिकवल्याबरहुकूम. वैजयंता मुलांना बाजूला सारत धावली आणि तिनं तो पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. पाय उबदार होता. भिंत थांबली. आता ओढायचं, एवढंच तिला सुचत होतं.

मागं सरांचा चेहरा खुलला.

"हेच ते, हेच," ते म्हणाले. "शाब्बास, शाल्मली. आता पाय घरी."

शाल्मलीनं कधी सरांचं ऐकलं नाही असं झालं नव्हतं. तिनं गुडघा दुमडला, आणि वैजयंताचे हात कोपरापर्यंत भिंतीत गेले.