शेवटचं प्रकरण

१९८४ साली जर्सी सिटीत माझा मुलगा निरंजन गाडीच्या अपघातात कमरेखाली लुळा पडला. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा सुनेने, दीपाने, जर्मनीतल्या मणक्याच्या आणि मेंदूच्या दुखापतींसाठी असलेल्या एका हॉस्पिटलच्या इतिहासाचं पुस्तक मागवलं. मला थोडंफार जर्मन येतं. विमानाची तिकिटं काढून ठेवली होती, पण मी वाचून सांगितल्यावरच तिकडे जायचं की नाही ते ठरणार होतं.

खाणीत पाठ मोडलेल्या कामगारांसाठी ते हॉस्पिटल सुरू झालं होतं. त्यांना तिथे बसल्या बसल्या सुतारकाम शिकवत. युद्धात डोक्याला मार लागलेले सैनिक आले, त्यांना चमचा धरायला शिकवलं.

"बाबा, पुन्हा चालायला लागलेलं कुणी सापडलं का?" दीपाने विचारलं.

"शेवटचं प्रकरण राहिलंय अजून," मी म्हणालो.

पलंगावरून निरंजन हसला. "दीपा, बाबा कुठलंही पुस्तक शेवटच्या प्रकरणापासून वाचतात. ते त्यांचं कधीच वाचून झालंय."

मी मान खाली घातली. दीपाने ट्रॅव्हल एजंटला फोन करून तिकिटं कॅन्सल केली.

माझं जर्मन तसं कच्चंच आहे. मी शब्दकोश काढला आणि ते प्रकरण पुन्हा वाचायला बसलो.